‘मॅच्युअर’ : एका शब्दाची पक्वता



‘मॅच्युअर’ हा इंग्रजी शब्द मराठी घरात आता पाहुणा राहिलेला नाही. मुदत ठेव मॅच्युअर होते, परिचयपत्रातला मुलगा मॅच्युअर असतो, आणि दहा वर्षांच्या नातवालाही ‘जरा मॅच्युअर हो’ असे सुनावले जाते. शब्द एकच, अर्थ निराळे. घोटाळा होतो तो येथेच.

या शब्दाचे मूळ लॅटिन ‘मातुरुस’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ पिकलेला. पण वेळेवर आलेला, क्वचित लवकर आलेला, असेही अर्थ त्या भाषेत होते. म्हणजे या शब्दाच्या पोटी प्रथमपासून काळ आहे. ‘प्रीमॅच्युअर’ म्हणजे वेळेआधीचा. त्याच बालकाला मराठी माणूस ‘अपुऱ्या दिवसांचे’ म्हणत आला.

व्यापारी मंडळींना या शब्दातला काळ अधिक परिचयाचा. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टनुसार वचनचिठ्ठी अथवा हुंडी ज्या तारखेस देय होते ती तिची मॅच्युरिटी. मुदती कागदाला लिहिलेल्या दिवसानंतर ३ दिवस सवलतीचे मिळतात. गुजरातीत याला ‘पाकती मुदत’ असा सुरेख शब्द आहे. मात्र येथे पिकण्यासाठी कागदाला काहीच करावे लागत नाही. दिवस उलटले की झाले.

फळाचे तसे नाही. बागायतीच्या शास्त्रात ‘मॅच्युअर’ आंबा म्हणजे पिकलेला आंबा नव्हे. झाडावर पूर्ण वाढ झालेले, पण अजून हिरवे असलेले फळ, असा त्याचा अर्थ. कोकणातला बागायतदार त्याला ‘तयार’ म्हणतो; पिकणे पुढे अढीत होते. कोवळे फळ उतरवून कॅल्शियम कार्बाइडने पिकविले, तर साल पिवळी होते, गोडी येत नाही. त्या रसायनाने फळे पिकविण्यास देशात बंदी आहे, हे येथील फळव्यापाऱ्यांना सांगावयास नको.

आचार्य पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’त अविपाक निर्जरा समजावताना आंबा-फणसाचाच दृष्टान्त घेतला आहे. ज्या कर्माचा विपाककाळ अद्याप आलेला नाही, ते विशेष उपक्रमाने उदयास आणून भोगले जाते. जसे फळ उपायाने पिकवावे तसे. इंग्रजी ‘प्रीमॅच्युअर’मध्ये जी उणीव ध्वनित होते, ती या विचारात नाही. येथे वेळेआधीचे पिकणे हा पुरुषार्थ आहे.

माणसाकडे वळले की मराठीचीही चूक दिसते. ऋतुप्राप्ती झालेल्या मुलीला जुन्या पिढीत ‘शहाणी झाली’ म्हणत. बारा-तेरा वर्षांच्या पोरीच्या देहात बदल झाला आणि भाषेने तिच्या पदरी एकदम शहाणपण घातले. पाठोपाठ संसारही आला. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरविले, १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ झाले. कायद्याने वय बांधून दिले. बुद्धीची पक्वता कोणता कायदा मोजणार?

तो जुना वाक्प्रचार आता मागे पडला. त्याच्या जागी ‘वयाच्या मानाने फार मॅच्युअर आहे’ हे कौतुक आले. आई आजारी असता धाकट्यांना सांभाळणाऱ्या मुलीबद्दल ते हमखास ऐकू येते. त्या मुलीला खेळावेसे वाटते का, हे सहसा कोणी विचारीत नाही. तिने भार उचलला एवढेच खरे. ती पिकली, असे त्यातून सिद्ध होत नाही.

जाता जाता परिचयपत्रे लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘मॅच्युअर्ड बॉय’ असे त्यांत सर्रास छापले जाते. समंजस व्यक्तीसाठी इंग्रजीत ‘मॅच्युअर’ हे विशेषण पुरते. ‘मॅच्युअर्ड’ हे रूप मुदत संपलेल्या ठेवीला किंवा मुरवलेल्या चीजला शोभते. मराठीत तर ‘समंजस’ हा शब्द आहेच, आणि त्याला मुदतीची तारीख लागत नाही.