शिबिराला कोण येत नाही?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्य शिबिराच्या सकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेत आयुष्य काढलेला माणूस वैद्यकावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल. बरोबर आहे. मी एका डॉक्टरांकडून उसनं घेऊनच बोलणार आहे.

शाखेत असताना एक गोष्ट रोज दिसायची. ज्याला पैशाची खरी निकड, त्याच्याकडे तारण नाही, जामीनदार नाही. त्याचा अर्ज फायलीत तळाला. ज्याचं कर्जावाचून काहीच अडत नव्हतं, त्याला आम्ही खुर्ची देऊन चहा पाजायचो. औषधोपचाराचंही असंच असतं, हे डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. शाळेत आपण व्यस्त प्रमाण शिकलो, तसं. जिथे आजार जास्त, तिथे चांगली वैद्यकीय सेवा कमी. 'इन्व्हर्स केअर लॉ' या नावाने तो लेख आजही डॉक्टर मंडळी वाचतात. मला तो माझ्या पुतणीने दिला, ती डॉक्टर आहे.

हे गृहस्थ वेल्समधल्या ग्लिनकोरग नावाच्या कोळसा खाणीच्या गावात डॉक्टर होते. आता गंमत बघा. ब्रिटनमध्ये १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवा सर्वांना खुली. तरीही खाणकामगारांच्या वस्तीत डॉक्टरमागे पेशंट जास्त आणि इस्पितळं जुनाट. म्हणजे दार उघडं ठेवलं की सगळे आत येतात, असं होत नाही. हार्टसाहेबांनी मग उलट केलं. खोकल्याचं औषध घ्यायला माणूस आला तरी त्याचं ब्लडप्रेशर मोजायचं. जो दवाखान्यात येतच नाही, त्याचा माग काढायचा. असं करत गावातल्या झाडून सगळ्या प्रौढांचं प्रेशर त्यांनी मोजलं. पंचवीस वर्षांनी हिशेब केला, तेव्हा शेजारच्या तशाच गावापेक्षा पासष्टच्या आत मरणाऱ्यांचं प्रमाण पाव हिश्शाहून अधिक कमी निघालं. कुठलंही मोठं यंत्र नाही. प्रेशरचा पट्टा, वह्या आणि चिकाटी.

हे सगळं मी आज का सांगतोय? मामांमुळे. आपल्या गेटवर अकरा वर्षं रात्रपाळी केलेले मामा. दोन वर्षांपूर्वी पहाटे पंपरूमपाशी ते कोसळले. उजवी बाजू गेली. मी आणि बी विंगचे दोघे त्यांना रिक्षात घालून एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात घेऊन गेलो. खिडकीवर आधी डिपॉझिट मागितलं. आम्ही तिघांनी खिसे उलटे केले, कार्ड काढलं. त्यात वेळ गेला तो गेलाच. प्रेशर कित्येक वर्षांपासून वाढलेलं असणार, असं डॉक्टर म्हणाले. मामांनी ते कधी मोजलंच नव्हतं. आणि आपल्या सोसायटीच्या ऑफिसात, त्यांच्या खुर्चीपासून वीस पावलांवर, कपाटात मशीन होतं! माझ्या स्वतःच्या फायलीत तेव्हा सहा शिबिरांचे सहा रिपोर्ट होते, सगळे नॉर्मल.

नंतर मी चौकशी केली, तीही उशिराच. महाराष्ट्रात धर्मादाय इस्पितळांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली ही योजना २००६ पासून आहे. तातडीच्या पेशंटला आधी दाखल करून घ्यायचं, डिपॉझिट मागायचं नाही, हेही तीत आहे. रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा दाखला लागतो. इस्पितळ ऐकत नसेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. आम्ही तिघेही पदवीधर, एकालाही माहीत नव्हतं. मामांना कोण सांगणार?

मागच्या सभेत मी विषय काढला, तेव्हा एक सभासद म्हणाले, "काका, शिबिर सगळ्यांना खुलंच असतं, कोणी अडवलंय?" कोणीच अडवलं नाही. पण वेळ रविवारी दहा ते एक. रात्रपाळीचा वॉचमन तेव्हा घरी झोपलेला, कामवाल्या बाया पाचव्या घरी भांडी घासत, सफाईवाला शेजारच्या सोसायटीत. आणि आपल्या फॉर्मवर पहिला रकाना कोणता? फ्लॅट नंबर. तो फॉर्म मीच तयार केला होता, म्हणून मोकळेपणाने बोलतो.

कमिटीने यंदा वेळ सकाळी सातची केली आणि तो रकाना काढला, त्याबद्दल आभार. ज्यांचं प्रेशर जास्त निघेल त्यांच्या वर्षभराच्या गोळ्यांचा खर्च वेल्फेअर फंडातून करावा, हा माझा ठराव मात्र अजून पुढे ढकललेलाच आहे. तो येत्या सभेत पुन्हा मांडणार. नुसतं मोजून घरी पाठवायचं, याला शिबिर म्हणत नाहीत.

मामा सध्या गावी आहेत. फोनवर बोलतात, थोडं अडखळत. हात अजून उचलत नाही. रौप्यमहोत्सव आहे म्हटल्यावर सगळ्यांना नमस्कार सांगितलाय त्यांनी.

आता थांबतो. रात्रपाळीचे दोघे ड्यूटी संपवून बसस्टॉपकडे निघाले आहेत, पहिले नंबर त्यांचे लावा. फ्लॅटवाल्यांनी, माझ्यासकट, थोडं मागे सरकून बसावं.