पीटर पार्करचे घर

१९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी जन्माला घातलेल्या ‘स्पायडर-मॅन’च्या बळाचे आम्हांस कौतुक कमीच. आम्ही पाहतो त्याचे न्यूयॉर्कमधले घर. पोरका पीटर, बेनकाका चोराच्या गोळीने गेलेले, मेकाकूंचे घरभाडे थकलेले. म्हणून तो स्वतःचीच छायाचित्रे ‘डेली ब्यूगल’ला नगावर विकतो. मालक जेमसन ती छापून पैसा करतो आणि अग्रलेखांतून त्यालाच शिव्या घालतो! असले मालक आम्ही पुष्कळ पाहिले.

१९७३ साली ग्रीन गॉब्लिनने त्याची प्रेयसी ग्वेन हिला पुलावरून ढकलले. पीटरने जाळे टाकून तिला झेलले. त्याच हिसक्याने मान मोडली. पुढे १९८७ साली मेरी जेनशी लग्न झाले. पण आमच्या मते ते त्याआधीच झाले. ग्वेन गेल्यावर सांत्वनाला आलेल्या मेरी जेनवर तो खेकसला, “चालती हो.” ती दारापाशी गेली, दार आतून लावले आणि थांबली.