जाळीसमोर गुडघे टेकण्याआधी

उपवासकाळ सरत आला, गुड फ्रायडे तोंडावर आला, की वसईच्या चर्चमध्ये कबुलीसाठी रांगा लागतात. गोव्यात याच संस्काराला कुमसार म्हणतात. बाहेरच्याला दिसते ते एवढेच: माणूस गुडघे टेकतो, जाळीपलीकडे गळ्यात जांभळी पट्टी घातलेले फादर कान देऊन ऐकतात, आणि थोड्याच वेळात माणूस उठतो. पण प्रायश्चित्त संस्काराचे निम्म्याहून अधिक काम त्याआधी, घरी किंवा चर्चच्या मागच्या बाकावर बसून व्हायचे असते. घाई होते ती नेमकी तिथेच.

पहिल्या कम्युनियनची तयारी करणाऱ्या मुलांना दहा आज्ञांच्या क्रमाने स्वतःकडे पाहायला शिकवतात. मोठ्यांनाही तोच क्रम पुरतो. उत्तरे मात्र नेमकी हवीत. 1551 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने सांगितले की गंभीर पापे प्रकारानिशी आणि आठवतील तितक्या संख्येनिशी सांगावीत. हा नियम कोरडा वाटतो, पण त्यात माणसाची चांगली पारख आहे. 'मी जरा रागीट आहे' म्हणून सुटता येते. 'बांधावरून भावाशी वाजले, आणि आईच्या वर्षाच्या मिस्सेलाही मी त्याच्याशी बोललो नाही' असे म्हणताना जीभ अडखळते. ते अडखळणे मोलाचे आहे. शिवाय भावाचे काय चुकले हे तिथे सांगायचे नसते. त्याची कबुली त्याची तो देईल.

नेमकेपणाचाही अतिरेक होतो. 1522 साली इग्नेशियस लोयोला हा लढाईत पाय जायबंदी झालेला सरदार स्पेनमधल्या मॉन्सेरातच्या मठात आला. आयुष्यभराची पापे त्याने लिहून काढली. ती कबुली पुरी व्हायला तीन दिवस लागले. तरीही जवळच्या मान्रेसा गावी त्याला चैन पडेना. काहीतरी राहिले, नीट सांगितले गेले नाही, या शंकेने तो पुन्हा पुन्हा कबुलीला जाऊ लागला. यातना इतक्या वाढल्या की जीव द्यावासा वाटला. अखेर त्याने ठरवले: जुन्या पापांची कबुली पुन्हा द्यायची नाही. पुढे येशूसंघ उभा राहिला तो याच माणसाच्या नेतृत्वाखाली, आणि 1542 मध्ये गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर हा त्याचाच सोबती.

म्हणून तयारी करणाऱ्याला हेही ठाऊक हवे, की गंभीर पापाला तीन गोष्टी लागतात: विषय गंभीर असणे, त्याची पूर्ण जाणीव असणे, आणि स्वखुशीने संमती देणे. मनात नको असताना येऊन गेलेला विचार त्यात बसत नाही. हे हळव्या माणसांना निक्षून सांगायला हवे; ती उगाच झुरतात.

आणि फादरांनी ऐकलेले बाहेर फुटले तर? चर्चच्या कायद्यात कबुलीचे गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला बहिष्काराची शिक्षा आहे. ऐकलेले त्या माणसाच्या अहिताला वापरायलाही सक्त मनाई आहे. 2018 साली केरळातल्या एका ऑर्थोडॉक्स चर्चच्या धर्मगुरूंवर कबुलीतली माहिती वापरून एका स्त्रीचे शोषण केल्याचा आरोप झाला. तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्षांनी ही प्रथाच बंद करण्याची शिफारस केली. ती शिफारस कॅथलिक बिशपांनी नाकारली. नाकारणे योग्यच होते, पण शिफारशीमागची भीती खोटी नव्हती. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी मधे जाळी असलेली आसने चर्चच्या उघड्या भागात बसवायला लावली, ती एकांताचा गैरफायदा कुणाला घेता येऊ नये म्हणूनच. जाळीआडून बोलण्याचा आणि हवा तो धर्मगुरू निवडण्याचा हक्क आजही प्रत्येकाला आहे. तयारीच्या वर्गात हा हक्क दहा आज्ञांइतक्याच ठामपणे शिकवला पाहिजे.

क्षमा मिळाली तरी नुकसान उरतेच. चोरलेले पैसे परत करायचे असतात, कुणाची बदनामी केली असेल तर ती निस्तरायची असते. फादर देतात ती प्रार्थना किंवा सत्कृत्य याला जोडून येते, याच्या बदली नाही. त्यामुळे पैसे कसे आणि कधी परत करणार, याचाही विचार जाण्याआधी झालेला बरा.

एवढे करूनही एखादे पाप सांगायचे खरोखर विसरले, तर तेही बाकीच्यांबरोबर क्षमा झालेले असते. ते गंभीर असेल तर पुढच्या खेपेला सांगायचे. तोवर कम्युनियन घ्यायला हरकत नाही.