अर्थ लावण्याची घाई

 या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने वर्षभरातील ख्रिस्ती मराठी ग्रंथांचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. कविता उदंड, चरित्रे बरी, कादंबरी कमी. आढावा इथेच आटोपता घेतलेला बरा. प्रस्तुत अध्यक्षाच्या मनात एक तक्रार बरीच वर्षे साचली आहे आणि ती आज मांडायचीच आहे.

आपले लेखन दुःखाचा अर्थ लावण्याची फार घाई करते. श्रद्धेचा अनुभव सांगणाऱ्या साक्षीच्या पहिल्या परिच्छेदात आजार, दुसऱ्यात प्रार्थना, तिसऱ्यात देवाची योजना. मधली वर्षे जातात कुठे?

लक्ष्मीबाई टिळकांनी ती वर्षे गाळली नाहीत. 1895 मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार दुभंगला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो 1900 मध्ये. या काळातला संताप, सोवळेओवळे, नवऱ्याची ओढ, सगळे ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात जसेच्या तसे आहे. पुढे लाभलेल्या श्रद्धेचा रंग त्यांनी आधीच्या रडण्याला फासला नाही. व्यासपीठावरून मात्र त्यांची गोष्ट सांगताना आपण 1895 वरून थेट 1900 वर उडी मारतो.

पंडिता रमाबाईंचेही तेच. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आईवडील गमावले, पाठोपाठ थोरली बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास, 1882 मध्ये पती बिपिनबिहारी. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला म्हणून या मृत्यूंचा हिशेब लागला नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. भूक त्यांना आतून ठाऊक होती. आपल्या घरावर आलेल्या जुन्या दुष्काळाची हकीगत त्यांनी सांगितली ती या मुलींसाठी मदत मागताना. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात त्या मुली जेवल्या, शिकल्या. रमाबाईंच्या दुःखाला काही अर्थ असेल तर तो तिथे शोधावा. जुलै 1921 मध्ये मनोरमा, त्यांची एकुलती एक मुलगी, गेली. रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराचे काम सोडले नाही आणि एप्रिल 1922 मध्ये त्याही गेल्या. या शेवटच्या महिन्यांतून बोधवाक्य काढू नये, असे कळकळीने वाटते.

दुःख देव धाडतो की नुसते होऊ देतो, यावर आपल्या विद्वान मित्रांचा वाद रंगला आहे. अध्यक्षाने तो एका खेड्यातल्या ओसरीवर निकाली निघालेला पाहिला आहे. विहिरीत बुडून पोरगा गेलेला. आलेले उपदेशक म्हणाले, “देवाला त्याची गरज होती.” आई म्हणाली, “अन् मला नव्हती का?” कुणाला उत्तर सुचले नाही. शेजारीण आली. तिने पिठले-भाकरीचे गाठोडे कोपऱ्यात ठेवले, घरातल्या म्हातारीला दोन घास चारले आणि आईच्या गुडघ्याला गुडघा लावून अंधार पडेपर्यंत बसून राहिली. पुढे गावात कुणाच्या घरी मूल दगावले की ही आई भाकरी बांधून निघे. योजना वगैरे शब्द तिच्या तोंडून कधी आले नाहीत. ख्रिस्तावर मात्र तिचा जीव होता.

बायबलमधल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस गप्प बसले तोवर खरे मित्र होते. तोंड उघडून कारणे सांगू लागले आणि अखेरीस देवाचा राग ओढवून बसले. 88 वे स्तोत्र तर अंधारातच संपते. ते शास्त्रात ठेवणाऱ्यांना आशा ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? आपल्या उपासनांतून ते कितीदा वाचले जाते? वधस्तंभावरून प्रभूने ‘का’ असे विचारले, ते तरी आपण पूर्ण ऐकून घ्यावे.

तेव्हा काही कामे सुचवतो. गावोगावच्या थोरल्या माणसांच्या तोंडच्या साक्षी उतरवून घ्याव्यात. नगर-जालन्याकडून आरंभ व्हावा. कुणी करायचे, पैसा कुठून आणायचा, हे कार्यकारिणी ठरवील. विलापस्तोत्रांना मराठी चाली लावणारे कुणी पुढे यावे. आणि संपादकांनी, ज्या साक्षीचा शेवट लिहिणाऱ्यालाच अजून सापडलेला नाही, ती परत न पाठवता छापावी.