रोप उंच झाले, पण बळकट झाले का?



नवरात्रातला घट आठवा. देवघराच्या अंधुक उजेडात त्यातले धान्य नऊ दिवसांत चांगले उंच होते, पण पिवळे आणि नाजूक. तेच धान्य अंगणात उन्हात पेरले तर बुटके, हिरवे आणि ताठ येते. बी तेच, माती तीच, फरक उजेडाचा. मिरची, वांगी, टोमॅटोच्या रोपवाटिकेत हेच घडले, तर लावणीनंतर रोपे माना टाकतात. बियाण्याचा पैसा जातो आणि हंगामही हुकतो.

असे का होते? बी मातीखाली अंधारात रुजते. जवळची शिदोरी संपण्याआधी त्याला उजेड गाठायचा असतो. म्हणून पेशींतली देठ लांबवणारी जनुके जोरात काम करतात. उजेड लागताच फायटोक्रोम नावाचे द्रव्य जागे होते. ते या जनुकांना आवर घालते आणि पाने पसरून हिरवी करणारी जनुके कामाला लावते. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथे १९५२ साली सॅलडच्या बियांवर केलेल्या प्रयोगांतून या द्रव्याचा माग लागला.

दुसरी गोष्ट दाटीची. हिरवी पाने लाल उजेड शोषून घेतात, पण त्यापलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा अतिलाल उजेड परत फेकतात. त्यावरून रोपाला शेजाऱ्याची चाहूल लागते. सावली पडण्याआधीच ते उंचीची चढाओढ सुरू करते. देठ लांबतो, पण मूळ आणि जाडी मागे राहते.

तेव्हा एवढे करा :

१. गादीवाफा मोकळ्या जागी करा. झाडाच्या सावलीत नको.

२. बी फेकून पेरू नका. ८ ते १० सेंटिमीटर अंतरावर ओळी पाडा, बी पातळ टाका. दाट उगवले तर वेळीच विरळणी करा.

३. वाफ्यावर गवत किंवा पेंढा झाकला असेल, तर अंकुर दिसू लागताच संध्याकाळी काढून घ्या. इथे दोन दिवसांची दिरंगाईही भोवते.

४. शेडनेट कडक उन्हापुरतीच ठेवा. लावणीआधी आठवडाभर ऊन हळूहळू वाढवा आणि पाणी थोडे कमी करा.

रोपे पिवळट, लांबट दिसली की काही जण युरिया टाकतात. उजेड कमी पडला असेल तर तो उपाय नव्हे. त्याने देठ आणखी लुसलुशीत होतो. अशी रोपे एकदम उन्हातही काढू नका, करपतील. टोमॅटोचे रोप लांबलेच असेल तर लावताना थोडे खोल लावा. मातीत गेलेल्या देठाला मुळ्या फुटतात. मिरची-वांग्याला मात्र हा भरवसा धरू नका.

रोप निवडताना उंची पाहू नका, देठाची जाडी पाहा. वीतभर पण ताठ रोप हातभर लवलवत्या रोपापेक्षा केव्हाही चांगले.