तो काही करत नाही!
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात सोसायटीच्या माजी सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला सांगितलं, "तुम्ही सहा वर्षं सचिव होतात, २५ वर्षांच्या आठवणी सांगा." आता आठवणी म्हणजे पाण्याचे टँकर, लिफ्टची दुरुस्ती, गच्चीची गळती आणि पार्किंग. ते तुम्हाला पाठ आहे, आणि याच स्मरणिकेत अहवालात छापूनही आलंय. म्हणून मी एकाच विषयावर बोलणार आहे. कुत्रा. हसू नका! माझ्या काळात जे लेखी अर्ज आले, त्यांत गळतीच्या खालोखाल नंबर कुत्र्यांचा होता.

आपल्यातले बरेच जण पुण्यातल्या पेठांमधल्या वाड्यांतून इथं आलो. वाड्यात कुत्रं असायचं, पण ते कुणा एकाचं नसायचं. बोळात पडलेलं असायचं, कुणी शिळी पोळी टाकायचं, कुणी हाड् करायचं. नाव असलेला, डॉक्टर असलेला, वाढदिवस साजरा होणारा कुत्रा आपल्याकडे फ्लॅटबरोबर आला. फ्लॅटला अंगण नाही. त्यामुळे जिना, लॉबी, लिफ्ट, पार्किंग आणि मागची बाग हेच आपलं सामायिक अंगण. भांडणं होतात ती तिथेच.

ब्रुनोचं उदाहरण सांगते. ब्रुनोचे आजोबा समोरच बसलेत, त्यांना विचारूनच बोलते आहे. ब्रुनो म्हणजे लॅब्रेडॉर, वजन ३४ किलो. संध्याकाळी सहाच्या सुमारास बी विंगच्या लिफ्टचं दार उघडायचं, आधी ब्रुनो सुसाट बाहेर यायचा आणि मागून आजोबा. पट्टा आजोबांच्या हातात. म्हणजे फक्त हातातच, ब्रुनोच्या गळ्यात नाही. आणि कुणी दचकलं की आजोबांचं ठरलेलं वाक्य, "घाबरू नका हो, तो काही करत नाही!"

वाक्य अगदी खरं होतं. ब्रुनोने आजवर कुणाला दात लावलेला नाही. पण ए विंगमध्ये तेव्हा ७८ वर्षांच्या आजी होत्या, आजही आहेत. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. त्यांनी बागेत यायचं बंद केलं. आठ महिने त्या खाली उतरल्या नाहीत. अर्ज वगैरे काही केला नाही, मला हे त्यांच्या सूनबाईंकडून लिफ्टमध्ये कळलं. आजींना कुत्रा चावेल अशी भीती नव्हतीच. तो प्रेमाने अंगावर उडी मारेल आणि आपण पडू, ही भीती होती. डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, "आता पडायचं नाही."

"तो काही करत नाही" हे मालकाला माहीत असतं, कारण त्याने पिल्लू असल्यापासून त्याला वाढवलेलं असतं. जिन्यात समोर येणाऱ्याला ते कुठून माहीत असणार? पट्टा दिसला की समोरच्याला कुणावर विश्वास ठेवावा लागत नाही, तो आपल्या वाटेने जातो. आणि पट्टा कुत्र्याच्याही भल्याचा असतो. पार्किंगमध्ये रिव्हर्स घेणाऱ्या गाडीला मोकळं सुटलेलं पिल्लू दिसत नाही. पट्ट्यातल्या कुत्र्यावर मोकळा कुत्रा धावून आला, तर गरीब कुत्रासुद्धा गुरगुरतो, कारण त्याला मागे सरता येत नाही.

तेव्हा कमिटीत सरळ दोन तट पडले. एक म्हणे, कुत्रे पाळण्यावर बंदी घाला, लिफ्ट बंद करा, ५०० रुपये दंड लावा. दुसरा म्हणे, कायदा आमच्या बाजूने आहे, आम्हाला कुणी काही सांगायचं नाही. मी केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचना मागवून वाचल्या. पाळीव कुत्र्यावर सोसायटीला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, मनाला येईल तो दंड लावता येत नाही, असं त्यात आहेच. पण सार्वजनिक जागी कुत्रा पट्ट्यात ठेवावा, त्याची घाण मालकाने उचलावी, हेही त्यातच आहे. दोन्ही तट एकाच परिपत्रकाचं आपापलं अर्धं पान मला दाखवायचे! आणि आता भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी मालकाने जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे कायदा कुत्र्याच्या बाजूचा आहे, निष्काळजी मालकाच्या नाही.

सूचना फलकावर आम्ही तीनदा नोटीस लावली. ज्यांच्यासाठी होती ते सोडून सगळ्यांनी वाचली. शेवटी एका रविवारी खजिनदारांना बरोबर घेऊन मी आजोबांच्या घरी गेले. चहा झाला. मग आजोबांनी उजवा हात वर करून दाखवला. खांद्याच्या वर जातच नव्हता. ब्रुनो खरं तर त्यांच्या मुलाचा. मुलगा नोकरीसाठी कॅनडात गेला, कुत्रा इथेच राहिला. एकदा रॅम्पवर ब्रुनोने मांजर पाहून हिसडा दिला आणि आजोबा पट्ट्यासकट फरफटत गेले, कोपर सोलून निघालं. तेव्हापासून ते त्याला मोकळा सोडायला लागले. मला म्हणाले, "धरला तर मी पडतो, सोडला तर लोक ओरडतात. तुम्हीच सांगा."

दीड वर्षाच्या अर्जांच्या फायलीत ही गोष्ट कुठेच नव्हती. एका विंगमध्ये आजी पडायला घाबरत होत्या, दुसऱ्या विंगमध्ये आजोबा, आणि दोघांचं कारण ब्रुनोच!

पुढचं काम मग फार अवघड नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरांनी छातीवर कडी असलेला पट्टा सुचवला. त्याला हार्नेस म्हणतात. कुत्रा ओढायला लागला की त्याचं अंग आपोआप बाजूला वळतं आणि जोर कमी होतो. सी विंगमधल्या एका कॉलेजकुमाराला कुत्रा पाळायचा होता आणि आईची सक्त मनाई होती. तो रोज सकाळी ४० मिनिटं ब्रुनोला पळवून आणायला लागला. सकाळी दमलेला कुत्रा संध्याकाळी आजोबांना आवरतो. आणि लिफ्टची एक रीत पडली. कुत्रा घेऊन येणाऱ्याने आधी विचारायचं, "येऊ का?" आतला 'नको' म्हणाला, तर पुढच्या फेरीने यायचं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण बऱ्यापैकी पाळला जातो.

आजी खाली यायला लागल्या. पहिले पंधरा दिवस सूनबाईंचा हात धरून, मग काठी घेऊन एकट्या. त्यांना ब्रुनो आवडायला लागला वगैरे काही झालं नाही हं! अजूनही त्याला "ते धूड" म्हणतात.

आज आपल्याकडे ११ कुत्रे आहेत आणि निम्म्याअधिक घरांत नवे भाडेकरू किंवा नवे मालक, म्हणून दोन गोष्टी पटकन सांगते. महापालिकेचा परवाना आणि दरवर्षीची रेबीजची लस चुकवू नका. कुणाला दात किंवा ओरखडा लागलाच, मग कुत्रा कितीही घरातला असो, जखम १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. आणि तक्रार असेल तर तारीख-वेळ घालून कमिटीला लिहून द्या. ग्रुपवर व्हिडिओ टाकू नका. व्हिडिओवर शंभर जण बोलतात आणि त्या घराची बेल कुणीच वाजवत नाही.

येत्या वार्षिक सभेत पट्ट्याबद्दलचा ठराव येतो आहे. त्यात दंड नाही. सामायिक जागेत पट्टा, पिशवी जवळ, आणि ज्यांना कुत्रा आवरत नाही त्यांच्यासाठी फिरवणाऱ्या मुलांची यादी, एवढंच आहे. यादी वॉचमनच्या केबिनमध्ये टांगली आहे, त्यावर आत्तापर्यंत चार नावं आली आहेत. अजून दोन मिळाली तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा भागतील. मुलांनो, आईला विचारून नाव लिहा.

नाटिकेची मंडळी रंग लावून खोळंबली आहेत, तेव्हा माईक सोडते.