न सांगता कळत नाही



'मुलांचे संगोपन' यावर चार शब्द बोलावेत, असा चिटणीसबाईंचा आग्रह. माझा अधिकार एका मुलापुरता, त्याच्याविषयीच सांगते.

तो सात वर्षांचा असताना आमच्याकडे चैत्रातले हळदीकुंकू होते. एका बाईंनी रीतीप्रमाणे "नको नको, पुरे" म्हटले, तशी त्याने त्यांची डाळीची बशी उचलून आत नेली! शेजारच्या आजी "बरंय, येते हं" म्हणत उठल्या, तर हा दारात आडवा. "खोटं! तुम्ही तर जाताय."

"वळण नाही," कोणीतरी पुटपुटले. मी सर्वांदेखत त्याला धपाटा घातला. तो रडला नाही. रात्री मात्र विचारले, "आई, मी काय खोटं बोललो?" भगिनींनो, तो प्रश्न मला अजून टोचतो.

पुढे डॉक्टरांनी सांगितले, ही स्वमग्नता. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांवर निबंध लिहिला. त्यानंतर कित्येक वर्षे दोष आईच्याच माथी मारला जाई. तो समज आता साफ चुकीचा ठरला आहे. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही स्वमग्नतेचा समावेश आहे. हा वळणाचा प्रश्नच नव्हे. इतरांना चेहऱ्यावरून, आवाजावरून आपोआप उमगते, ते या मुलांना उघड सांगावे लागते.

मग मी स्वतःचे बोलणे ऐकू लागले. तांदूळ संपले की आपण 'वाढले' म्हणतो. जाताना 'येते' म्हणतो. पोराने काय समजावे? आम्ही एक वही केली. डावीकडे माणसे बोलतात ते, उजवीकडे त्याचा अर्थ. 'बघू' म्हणजे बहुधा नाही. 'नको नको' म्हणजे आणखी एकदा विचार. (यजमानही ती वही अधूनमधून चाळतात!) आता मी नुसते डोळे वटारीत नाही. "मला राग आला आहे, कारण तू दार आपटलेस," असे सांगते. रोज जमते असे नाही.

शेजारच्या आजींनाही मी सारे सांगितले. आमच्या आजी जुन्या वळणाच्या. निघताना 'जाते' हा शब्द तोंडून काढणार नाहीत. पण यंदाच्या चैत्रात चपला घालता घालता त्या थांबल्या आणि त्याला म्हणाल्या, "जाते रे बाळा. उद्या पुन्हा येईन."

त्याने दार उघडून धरले.